दोन कार्बोरेटरांचा दिमाख

जुन्या चार सिलिंडरांच्या मोटारीचे बॉनेट उघडून कारखान्याने बसविलेला कार्बोरेटर अडगळीत टाकावा आणि त्याच्या जागी वेबरचे दोन आडवे कार्बोरेटर चढवावेत, म्हणजे इंजिनात नवे सामर्थ्य संचारते, अशी जी श्रद्धा जुन्या गाड्यांच्या षौकिनांत दृढमूल झाली आहे, ती निराधार नसली तरी अर्धवट आहे, असे माझे मत आहे.

या श्रद्धेला खतपाणी घालणाऱ्या गाड्यांत १९६३ ची लोटस कॉर्टिना अग्रभागी होती. फोर्डच्या साध्या, संसारी कॉर्टिनात १५५८ घन सेंटिमीटरचे इंजिन बसवून, त्यावर दोन वेबर ४० डीसीओई कार्बोरेटर जोडून लोटसने १०५ अश्वशक्ती मिळविली, आणि १९६४ साली जिम क्लार्कने याच गाडीच्या बळावर ब्रिटनमधील सलून मोटारींच्या शर्यतींचे विजेतेपद पटकाविले. परंतु या यशाचे श्रेय एकट्या वेबरला देणे अन्यायाचे होईल. हॅरी मंडी यांनी आखलेल्या त्या इंजिनाच्या सिलिंडर हेडला दोन कॅमशाफ्ट होते आणि चारही सिलिंडरांना स्वतंत्र प्रवेशमार्ग होते. एका डीसीओईला दोन नळ्या, म्हणजे दोहोंच्या चार, आणि प्रत्येक सिलिंडराला हक्काची एक, हा सारा हिशेब मुळापासूनच जुळविलेला होता.

उलट एमजीबी या मोटारीचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन पाहा. त्याच्या हेडला हवा आत घेण्याचे मार्ग मुळी दोनच, आणि दोन-दोन सिलिंडर एकाच दारातून ये-जा करणाऱ्या दोन बिऱ्हाडांप्रमाणे त्यांत भागीदार! अशा हेडवर चार नळ्यांची तजवीज करणे म्हणजे निव्वळ शोभेसाठी खजिना रिता करणे होय. तेथे दोन नळ्यांचा एकच वेबर पुरतो.

हेड अनुकूल असले तरी दुसरा मोह आड येतोच. चाळीसपेक्षा पंचेचाळीसचा कार्बोरेटर थोर, असे समजून खरेदी होते. वस्तुतः हा आकडा थ्रॉटलपाशी असलेल्या नळीच्या व्यासाचा, आणि खरा अंमल चालतो तो आत बसविलेल्या, बदलता येणाऱ्या आवळत्या गळ्याचा, म्हणजे व्हेंचुरीचा. तो गळा गरजेहून रुंद झाला की कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल पुरेसे ओढले जात नाही, त्याचे बारीक तुषारही होत नाहीत, आणि मोकळ्या रस्त्यावर गर्जणारी गाडी चौकातून निघताना अडखळते. रस्त्यावर चालवावयाच्या सोळाशेच्या इंजिनाला तीस मिलिमीटरच्या आसपासचा गळा पुष्कळ झाला. परंतु हे सांगणाऱ्या मिस्त्रीपेक्षा मोठा आकडा विकणाऱ्या दुकानदाराचे बोलणे अधिक गोड लागते, त्याला इलाज नाही.

त्यातून कॅमशाफ्ट जुना, एक्झॉस्ट अरुंद, इग्निशनचे टायमिंग पूर्वीचेच, अशा स्थितीत केलेल्या या फेरफाराने पेट्रोलचा खर्च वाढतो आणि आवाजही वाढतो. सामर्थ्यात मात्र फारसा फरक पडत नाही. शिवाय पेट्रोलचा दाब चौरस इंचास तीन पौंडांच्या आसपास राखला नाही, तर पेट्रोल अडविणारी सुई जागेवरून ढकलली जाऊन कार्बोरेटर ओसंडतो. आणि कार्बोरेटर लवचीक बैठकीवर न बसविता घट्ट आवळले, तर इंजिनाच्या कंपनाने आतल्या पेट्रोलाला फेस येतो. म्हणून एमजीबीच्या मालकाने माझा सल्ला विचारलाच, तर मूळचे दोन एसयू कार्बोरेटर नीट दुरुस्त करून, दोहोंतून हवा सारखी वाहते की नाही हे तपासून घ्या, आणि उरलेला पैसा आधी हेडवर खर्चा, एवढेच मी सांगेन.