सूत्रांची माहिती आणि सैनिकाचं घर

8 मे 2025 च्या रात्री, भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना, आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. काहींनी तर थेट इस्लामाबादपर्यंत मजल मारली. सकाळी दोन्ही शहरं जागच्या जागी होती. ज्यांच्या घरातलं कुणी सीमेवर नव्हतं, त्यांनी ती रात्र क्रिकेटच्या सामन्यासारखी जागवली, दुसऱ्या दिवशी त्यावरचे विनोद एकमेकांना पाठवले आणि विषय संपला. सैनिकांच्या घरी तो इतक्या सहज संपत नाही.

‘खोटी असली तरी बातमी विजयाचीच होती, मग घरच्यांना त्रास कसला?’ असं एका मित्राने मला विचारलं. साताऱ्याकडच्या एका जवानाच्या आईने त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं : “आपण एवढं मारल्यावर ते काय गप बसत्यात व्हय?” आपल्याला त्या बातमीत जिंकणं दिसतं, तिला त्यानंतरचा फटका दिसतो. युद्धाची समज तिला स्टुडिओत चर्चा करणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, असं माझं मत आहे.

या भागाला युद्ध नवीन नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले; लोक आजही त्या गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पूर्वी पत्र यायचं. पत्त्याच्या जागी ‘56 एपीओ’ हा लष्करी टपालाचा क्रमांक असायचा, म्हणजे पोरगा कुठे आहे हे पत्रावरूनही कळू नये अशी सोय. बातमी उशिरा पोचायची, पण खरी असायची. 1999 मध्ये कारगिलच्या वेळी टीव्ही थेट माजघरात आला. आता तो खिशात असतो.

सीमेवरून येणाऱ्या दोन मिनिटांच्या फोनवर पोरगा ठरलेलं बोलतो. बरा आहे, जेवलो, म्हातारीचं औषध आणलं का? कुठे आहे ते सांगत नाही आणि घरचेही विचारत नाहीत. मग फोन लागेनासा होतो. बहुतेक वेळा वरून तसा हुकूम असतो, एवढंच त्याचं कारण. घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी नेमक्या त्याच वेळी पडद्यावर लाल पट्टी सरकते : ‘सीमेवर जवान हुतात्मा, सूत्रांची माहिती.’ नाव नाही, पलटण नाही. ते नाव जाहीर होईपर्यंत ही बातमी प्रत्येक सैनिकाच्या घराची असते. आधी कुटुंबाला कळवायचं आणि मगच नाव जाहीर करायचं, ही लष्कराची रीत. तिला वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. पट्टीला तेवढा धीर नसतो.

नियम नाहीत असं नाही. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला केबल टीव्हीच्या नियमांत मनाई आहे. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, 26 एप्रिल 2025 ला, माहिती व प्रसारण मंत्रालयाने कारगिल, 26/11 आणि कंदाहार विमान अपहरणाची आठवण करून देऊन वाहिन्यांना पुन्हा बजावलं. हवाई हल्ल्याचा भोंगा कार्यक्रमात वाजवू नका, असंही मे महिन्यात सांगावं लागलं. (ते सांगावं लागलं, यातच सगळं आलं.) पण हा सगळा विचार कारवाईचा आणि सुरक्षेचा. सरकत्या पट्टीखाली बसलेल्या घराचा विचार करणारा नियम मला कुठे दिसला नाही.

उलट त्याच घराच्या दारात माईक जातो. ‘मुलगा सीमेवर आहे, काय भावना आहेत?’ आई म्हणते, अभिमान वाटतो. तो वाटतोच. पण पोटात गोळा आलाय, झोप नाही, हे कॅमेऱ्यासमोर म्हणायची तिला मुभा नसते. म्हटलं तर गावच नावं ठेवेल.

वाहिन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. आपल्या हातात आहे तेवढं तरी करू या. लष्कराने जाहीर केलेलं नसेल तर कुणाचंही नाव, फोटो, व्हिडिओ पुढे पाठवू नका. आणि ओळखीच्या सैनिकाच्या घरी अशा दिवसांत ‘काही कळलं का?’ म्हणून फोन करू नका. जवळ राहत असाल तर जाऊन या, बाजारातून काय हवं नको ते विचारा, पिकापाण्याचं बोला. फोन मात्र मोकळा राहू द्या. त्यावर त्याचा कॉल यायचा असतो.