तिकीट नावाचे की नृत्याचे?

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये 9 फेब्रुवारी 1965 रोजी केनेथ मॅकमिलन यांच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. संगीत प्रोकोफिएव्हचे, मॅकमिलन यांची पहिलीच तीन अंकी रचना आणि मंचावर मार्गो फॉन्टेन व रुडॉल्फ नुरेयेव. प्रयोग संपल्यावर टाळ्या थांबेनात. कलाकारांना 43 वेळा पडद्यापुढे यावे लागले, असे सांगितले जाते. त्या रात्रीला दुसरीही एक बाजू होती. ज्युलिएटची भूमिका मॅकमिलन यांनी लिन सीमोर यांना समोर ठेवून घडवली होती आणि रोमिओची ख्रिस्तोफर गेबल यांना. पहिल्या रात्रीचा मान मात्र या दोघांना मिळाला नाही. अमेरिकेचा दौरा तोंडावर होता आणि तिथले आयोजक सोल हुरॉक यांना फॉन्टेन-नुरेयेव हीच जोडी हवी होती.

या घटनेला साठ वर्षे उलटली, पण तिने उभा केलेला प्रश्न मिटलेला नाही. कोणत्या रात्री कोण नाचणार, हे ठरवताना प्रेक्षकाच्या पसंतीला किती वजन द्यावे? बॅलेच्या चाहत्याचा सबंध हंगाम याच प्रश्नाभोवती फिरतो. कलाकारसंच कधी जाहीर होतो, कोणाची दुखापत बरी झाली, चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या प्रयोगात कोण आहे, याकडे त्याचे डोळे लागलेले असतात. हा निव्वळ नाद आहे की रास्त अपेक्षा, याबद्दल जाणकारांतही दुमत आहे.

चाहत्याची बाजू आधी पाहू. बॅलेची संहिता कागदावर फारशी नसते. ती नाचणाऱ्याच्या देहात असते. ‘स्वान लेक’मध्ये शुभ्र ओडेट आणि काळी ओडिल या दोन्ही भूमिका परंपरेने एकच नर्तकी करते. एखादीची ओडेट डोळ्यांत पाणी आणते, पण ओडिलच्या 32 फुएत्ते गिरक्यांत ती कशीबशी तरून जाते. दुसरीचे नेमके उलटे असते. तेव्हा नर्तकी बदलली की बॅलेही काही अंशी बदलतो. किशोरीताईंचा भूप ऐकायला निघालेल्या श्रोत्याची समजूत ‘राग तोच आहे, गायिका तेवढी दुसरी’ असे सांगून कोणी घातली असती का? शिवाय बॅलेचे तिकीट स्वस्त नसते. त्यासाठी कोणी परगावाहून येतो, कोणी रजा टाकतो. आपण पैसे कशाचे मोजतो आहोत, हे त्याला आधी कळावे ही मागणी हट्टाची म्हणता येणार नाही.

दुसरीकडे, देहावर उभी असलेली कला देहाच्या मर्यादाही सोबत आणते. 2011 मध्ये बोल्शोई बॅलेचे पहिले अमेरिकी मुख्य नर्तक झालेले डेव्हिड हॉलबर्ग काही वर्षांतच घोट्याच्या दुखापतीने जायबंदी झाले आणि सुमारे अडीच वर्षे रंगमंचापासून दूर राहिले. ज्या कलेत अशी वेळ कोणावरही येऊ शकते, तिथे महिनोन्‌महिने आधी छापलेले नाव हा करार मानला तर त्याचा भार अखेर त्या घोट्यावरच पडतो. नाव टिकवण्यासाठी दुखरा पाय दामटला जाईल, ही भीती काल्पनिक नाही.

न्यूयॉर्क सिटी बॅलेची परंपरा या बाबतीत वेगळी राहिली आहे. जॉर्ज बॅलन्शीन यांनी घडवलेल्या या संस्थेत कलाकारांची नावे आपापल्या श्रेणीत वर्णानुक्रमाने लागतात आणि कोण कधी नाचणार, ते प्रयोग जवळ आल्यावर जाहीर होते. प्रेक्षकाने रचना पाहायला यावे, ही त्यामागची धारणा. तिचे फळही दिसले आहे. 1963 मध्ये स्ट्राविन्स्कीच्या संगीतावरील नव्या रचनेच्या पहिल्या प्रयोगाआधी डायना ॲडम्स गरोदरपणामुळे नाचू शकणार नव्हत्या. त्यांची भूमिका 17 वर्षांच्या सुझॅन फॅरेल यांच्याकडे आली आणि सहनर्तक जॅक दांब्वाज यांनी ती त्यांना शिकवली. पुढे बॅलन्शीन यांच्या अनेक महत्त्वाच्या भूमिका याच फॅरेल यांच्यासाठी घडल्या. जाहीर नावाला चिकटून राहण्याचा आग्रह तेव्हा चालला असता, तर हे दार इतक्या लवकर उघडले नसते.

मात्र तारांकित नावांना नाके मुरडणाऱ्यांनी हिशेबाची वहीही उघडून पाहावी. बॅलेला वाद्यवृंद लागतो, नेपथ्य लागते आणि मोठा नर्तकसमूह बारमाही पोसावा लागतो. फॉन्टेन यांच्या नावावर तिकीटखिडकीत जमलेल्या पैशांतून मागच्या रांगेत नाचणाऱ्या मुलींचे पगारही निघत. 1955 मध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’ अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तेव्हा फॉन्टेन यांचा नाच सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिला असा अंदाज आहे. त्यांतले कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदाच बॅले पाहत असतील. नावाने माणसे आत येतात, आणि आत आलेला माणूस कधी ना कधी नावापलीकडेही पाहू लागतो. हुरॉक यांचा आग्रह व्यापारी होता, पण एवढ्यावरून तो चुकीचा ठरत नाही.

इथवर दोन्ही पारडी जवळपास समतोल आहेत. चित्रीकरण आले की मात्र वजने बदलतात. नाट्यगृहात आज एक संच दिसला तर उद्या दुसरा दिसतो. अन्याय झालाच, तर पुढच्या रात्री त्याची थोडी भरपाई होते. चित्रीकरणाला पुढची रात्र नसते. 1966 मध्ये पॉल त्सिनर यांनी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ चित्रित केला तो फॉन्टेन-नुरेयेव यांचाच. त्याच वर्षी मॅकमिलन बर्लिनला गेले, सीमोर त्यांच्यासोबत गेल्या. पुढच्या वर्षी गेबल बॅले सोडून अभिनयाकडे वळले. हे सारे त्या एका निर्णयामुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तो चित्रपट पाहून मोठ्या झालेल्या प्रेक्षकाच्या मनात पहिली ज्युलिएट कोणाची ठसली असेल, हे वेगळे सांगायला नको. मुंबई-पुण्याच्या रसिकाला तर लंडन किंवा पॅरिसचा बॅले बहुधा पडद्यावरच भेटतो. कॅमेऱ्यापुढे जो संच उभा राहिला, तोच त्याच्यासाठी तो बॅले.

याउलट, नामवंतांना कॅमेऱ्यापुढे उभे करण्याचे समर्थनही भक्कम आहे. बोल्शोई 1956 मध्ये लंडनला आले, तेव्हा याच त्सिनर यांनी गालिना उलानोव्हा यांची ‘जिझेल’ चित्रित केली. उलानोव्हा तेव्हा 46 वर्षांच्या होत्या. ‘तरुण मुलीला संधी द्या’ असे तेव्हा कोणी म्हटले असते आणि ते ऐकले गेले असते, तर नंतरच्या पिढ्या केवढ्या ठेव्याला मुकल्या असत्या! तरुणांपुढे वर्षे असतात. मावळतीकडे झुकलेल्या कलाकाराची एकेक रात्र मोजकी असते. कोणाचे चित्रण आधी व्हावे, या प्रश्नाला गुणवत्तेइतकीच काळाचीही बाजू आहे.

तरीही आमचा कल कुठे, हे सांगायला हवे. कलाकारसंच शक्य तितका आधी जाहीर व्हावा, असे आम्हांला वाटते. माहिती दडवल्याने रसिकता वाढते, असा अनुभव नाही. मात्र जाहीर झालेले नाव हे वचन नसून मनसुबा आहे, हे प्रेक्षकाने मनाशी पक्के करावे. मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला हे नवे नाही. जाहिरातीत ‘नव्या संचात’ हे शब्द वाचून आपण आधी कपाळाला आठी घालतो आणि तिसऱ्या अंकापर्यंत कधी कधी ‘रिप्लेसमेंट’लाच मूळ मानू लागतो.

चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांबाबत मात्र संस्थांनी नावाचा मोह थोडा आवरावा. ‘स्वान लेक’ आणि ‘नटक्रॅकर’ ही शीर्षके स्वतःच्या बळावर प्रेक्षक खेचतात. तिथे नव्या जोडीला कॅमेऱ्यापुढे येऊ द्यावे, आणि नामवंतांचे बळ नव्या किंवा अपरिचित रचनांच्या पाठीशी उभे करावे. या सूचनेलाही धोका आहे, हे आम्ही नाकारत नाही. ‘स्वान लेक’ ही कसोटीची रचना. तिथे नवखी नर्तकी डगमगली तर ते डगमगणेच कायमचे टिपले जाईल. म्हणून मावळतीच्या कलाकारांना अपवाद आणि नव्यांना पुरेशी तयारी, या दोन अटी हव्यातच. प्रक्षेपणाचा गल्ला एखाद्या वर्षी थोडा खाली आला, तर ती किंमत आम्हांला परवडणारी वाटते. कोणाला ती जास्त वाटली, तर त्याच्याशी आमचे भांडण नाही.

राहता राहिला चाहता. त्याने आवडत्या नावासाठी रांग लावावी, जरूर लावावी. पण हंगामातले एखादे तिकीट न ऐकलेल्या नावासाठीही काढावे. 1965 च्या त्या रात्रीच्या टाळ्या खोट्या नव्हत्या, फॉन्टेन आणि नुरेयेव यांनी त्या कमावल्या होत्या. पण फॉन्टेन ज्या पावलांवर नाचल्या, ती तालमीत सीमोर यांच्या देहावर सापडलेली होती. मॅकमिलन यांची ज्युलिएट आज जी जी नर्तकी करते, तीही त्याच पावलांवर चालते.