संत जॉन बॉस्को आणि मुद्रांकाचा कागद

संतांची चरित्रे वाचताना वाचकांचे लक्ष बहुधा चमत्कारांकडे धावते. संत जॉन बॉस्को ह्यांच्या चरित्रात तशा कथांची उणीव नाही. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी वस्तू आम्हांस विचाराल, तर ती मुद्रांकाचा एक कागद होय.

बॉस्को ह्यांचा जन्म १८१५ साली इटलीतील तुरीन शहराजवळ एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. दोन वर्षांचे असता वडील वारले. पोरवयातच त्यांस परक्याच्या शेतावर चाकरी करावी लागली. १८४१ साली ते धर्मगुरू झाले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला गवंड्याच्या हाताखाली काम करणारा एक मुलगा देवालयात आला असता तेथील सेवकाने त्यास मारून हाकलले. बॉस्कोंनी त्यास परत बोलाविले. वाचता येते का, लिहिता येते का, असे विचारले. सर्वांस उत्तर नकाराचेच. शेवटी विचारले, शीळ तरी घालता येते ना? तेव्हा पोरगा हसला. उपदेशापूर्वी मुलास हसविणारे गुरुजी विरळाच!

असो. आता तो कागद. खेड्यांतून पोटासाठी तुरीनला आलेली मुले मालकांच्या मर्जीवर राबत. १८५२ च्या फेब्रुवारीत बॉस्कोंनी एका सुताराकडून त्याच्या उमेदवाराविषयी मुद्रांकित करार लिहून घेतला. धंदा पुरा शिकवावा, चूक झाल्यास शब्दांनी समजवावे, मारू नये, सणावारी सुट्टी द्यावी, वेतन क्रमाने वाढवावे, अशी त्यातील कलमे. मालक व मुलाचा बाप ह्यांच्याबरोबर बॉस्कोंचीही सही! पुढील वर्षापासून त्यांनी स्वतःच चांभारकाम, शिंपीकाम, पुस्तकबांधणी, छापखाना असे कारखाने काढले. १८८८ मध्ये ते निवर्तले. १९३४ साली त्यांस संतपद मिळाले. त्यांचे अनुयायी, सालेशियन, १९२८ मध्ये मुंबईस आले.

आता आपले राहू पाहा. भीमा व मुळा-मुठा ह्यांच्या मधला हा उसाचा मुलूख. गुऱ्हाळावर काहिलीखाली चिपाडे लोटणारा, गॅरेजात पाने-पकडी पुरविणारा, हॉटेलात बशा विसळणारा मुलगा कोणी पाहिला नाही? चौदा वर्षांखालील मुलास असे चाकरीस ठेवणे कायद्यानेच बंद आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा ते अठरा वयाच्या मुलांस धोक्याच्या कामांची बंदी आहे. उमेदवारांसाठी १९६१ चा कायदाही आहे. पण रस्त्यावरच्या गॅरेजात सोळा वर्षांचा पोरगा शिकाऊ म्हणून राहतो तेव्हा कागद कोठे असतो? गुंठाभर जमीन घेताना आपण मुद्रांकाचा कागद, साक्षीदार, सारे पाहतो. पोर मात्र तोंडी बोलीवर जाते, आणि दोन वर्षांनी त्यास चहा आणण्यापलीकडे काही येत नाही.

कोणी म्हणेल, हे परदेशचे कौतुक आहे. तसे नाही. जवळच केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळात निराधार झालेल्या मुलींस मुक्तिसदनात आणून छपाईपर्यंतची कामे शिकविली. हाती धंदा देण्याची वाट आपल्या तालुक्यास नवीन नव्हे.

तेव्हा आमची सूचना इतकीच, की दहावीनंतर जो मुलगा वा मुलगी काम शिकावयास जाईल, त्याच्यासाठी एक कागद व्हावा. काय शिकवणार, किती तास, किती वेतन, हे त्यात असावे. मालकाची व पालकाची सही मिळणे फारसे अवघड नाही. तिसरी सही मुख्याध्यापकांनी करावी की सरपंचांनी, हे गावाने ग्रामसभेत ठरवावे.