परत आलेली गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते

हातावरच्या गाठीला सुरी लागली की ती चवताळते, असं आपल्याकडे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. काढलेली गाठ वर्षा-दोन वर्षांनी त्याच जागी पुन्हा लागली, की घरचे दोनच अर्थ लावतात: एकतर कॅन्सर, नाहीतर डॉक्टरने काम अर्धवट केलं. पहिला अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असतो. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा.

मनगटाच्या पाठीवर येणारी गँगलियनची गाठ घ्या. सांध्याशी देठाने जोडलेली, घट्ट चिकट द्रवाची ती पिशवी. सुईने द्रव ओढून घेतला तर पिशवी रिकामी होते, देठ तसाच राहतो. अशा गाठींपैकी निम्म्याच्या आसपास पुन्हा भरतात. देठासकट काढल्यावर हे प्रमाण बरंच उतरतं. म्हणजे सुरीने गाठ चवताळत नाही. मूळ राहिलं तर ती परतते. शिवाय कित्येक गँगलियन आपणहून जिरतात. दुखत नसेल तर न काढणं हाही उपचारच आहे.

बोटावरची जायंट सेल ट्यूमर मात्र खरी चिवट. कंडराच्या आवरणातून उगवते, सावकाश वाढते, सहसा दुखत नाही. उघडल्यावर पिवळसर-तपकिरी दिसते, कारण तिच्यात लोह आणि चरबी साठलेली असते. मुख्य गाठीच्या आजूबाजूला राईएवढी पिल्लं असू शकतात. ती कंडराखाली, सांध्याच्या आवरणात दडतात. एखादं राहिलं की गाठ परत. प्रसिद्ध झालेल्या अहवालांत हे प्रमाण ४ टक्क्यांपासून ४४ टक्क्यांपर्यंत आहे. तरीही ती सौम्यच असते.

मग दोष सर्जनचा? दरवेळी नाही. बोटाच्या दोन्ही कडांनी स्पर्शाची नस जाते आणि गाठ कधीकधी तिलाच वेढून बसते. सौम्य गाठीपायी नस कापून बोट जन्मभर बधिर करण्यापेक्षा नस वाचवून गाठ परतण्याचा धोका पत्करणारा सर्जन शहाणा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण ‘साधी गाठ, पाच मिनिटांचं काम’ म्हणत ती ड्रेसिंगच्या खोलीत उरकण्याचं समर्थन होऊच शकत नाही. दंडाला पट्टा फुगवून रक्त थांबवलेलं नाही, डोळ्याला भिंग नाही, जखमेत रक्त भरलेलं. त्यात राईएवढं पिल्लू दिसणार कसं? त्याहून वाईट म्हणजे काढलेली गाठ तपासायला न पाठवता फेकून देणं. एपिथेलॉइड सार्कोमा हा दुर्मीळ, पण खरा कॅन्सर बोटांत आणि तळहातातच जास्त आढळतो आणि सुरुवातीला अगदी निरुपद्रवी गाठीसारखा दिसतो. गाठ साधी होती हे सूक्ष्मदर्शकच सांगू शकतो, बोटांनी चाचपून ते ठरत नाही.

तेव्हा भीतीपोटी गाठ वर्षानुवर्षं वाढवत बसू नका आणि घाईने कुठेही कापूनही घेऊ नका. हाताच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेला सर्जन गाठा. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या, जपून ठेवा आणि गाठ परत आलीच, तर तो कागद घेऊनच दवाखान्यात जा.