ऑफिसच्या फोनची चावी ब्राउझरमध्ये. कुलूप लावलंय का?

जळगावातली डाळ मिल असो की धुळ्यातलं हॉस्पिटल, पूर्वी एक्स्टेन्शन बदलायला मेकॅनिकला बोलवावं लागायचं. आता आयपी-पीबीएक्सचं पेज ब्राउझरमध्ये उघडून हे काम घरचा माणूसही करतो.

धोकाही इथेच आहे. हे पेज बाहेरच्या इंटरनेटवरून उघडत असेल आणि पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल, तर भामटे रात्रीतून तुमच्या लाइनवरून महागडे परदेशी कॉल करू शकतात. त्या कॉलच्या पैशात त्यांचा वाटा असतो. नंबर ०२५७ चा असो वा ०२५६२ चा, बिल तुमच्याच नावावर.

काय कराल? पासवर्ड बदला. पेज ऑफिसच्या नेटवर्कपुरतंच ठेवा. लागत नसेल तर आयएसडी बंद करा. कॉलची यादी दर आठवड्याला पाहा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.