के-पॉप ऐकून कोरियन भाषा येते का?

बीटीएसची गाणी तोंडपाठ, पण कोरियन माणूस समोर आला की बोलती बंद. असं का होतं?

गाण्याचा फायदा होतो, हे खरं. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 60 प्रौढांना 15 मिनिटं हंगेरियन वाक्यं शिकवली. एका गटाने साधं बोलून, दुसऱ्याने तालात बोलून, तिसऱ्याने गाऊन सराव केला. नंतर ती वाक्यं म्हणून दाखवण्यात गाणारा गट पुढे राहिला. पण ही मंडळी स्वतः म्हणत होती, इअरफोन लावून नुसती ऐकत नव्हती. ‘गाणी ऐका, भाषा शिका’ सांगणारी रील्स नेमकं हेच गाळतात.

कोरियनमध्ये आणखी एक पेच आहे. गाण्यांत बरेचदा ‘बानमाल’ असते, म्हणजे मित्रांशी, जवळच्यांशी बोलायची भाषा. मुलाखतीत तीच वापरली तर साहेबाला ‘काय रे’ म्हटल्यासारखं! रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई. नोकरीच्या आशेने कोरियन शिकणाऱ्यांना ही चूक महागात पडू शकते.

उपाय फार अवघड नाही. मराठीसारखंच कोरियनमध्येही क्रियापद सहसा शेवटी येतं आणि अनेकदा त्याला ‘यो’ जोडलं की वाक्य आदरार्थी होतं. आवडती ओळ आधी गायची, मग ‘यो’ लावून मोठ्याने बोलायची.