एकनळी जपायची असेल तर आधी तिचा कागद जपा



ज्वारी हुरड्यात आली की दरसाल कुणीतरी विचारतंच, "अण्णांची बंदूक हाय का अजून?" आहे. बारा बोरची एकनळी. म्हणून आज पिकाचं बाजूला ठेवून तिच्यावर लिहितो. ज्यांच्या घरात असं वाडवडिलांचं हत्यार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या आजोबांनी ही 1966 साली घेतली, पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून. मधे मोडायची, एक काडतूस घालायचं, मिटायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा. बार झाला की परत मोडायची. दस्त्याला चीर गेलीय, तिथं आजोबांनीच तांब्याची तार आवळलीय. रात्री डुकरं रानात शिरली की हवेत एक बार काढायचे. काडतूस महाग, त्यामुळं दुसरा बार सहसा नसायचाच. आजोबा म्हणायचे, एकनळी आणि रब्बीची पेरणी सारखीच. हस्ताच्या ओलीवर मालदांडी एकदाच साधायची, हुकली की वरीस गेलं. मला शेतीतला संयम कुणी शिकवला असंल तर या बंदुकीनं.

आजोबा गेल्यावर 1984 ला ती अण्णांच्या नावावर झाली. दर खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, पाभर यांच्या शेजारी ती पाटावर असते. अण्णा आजही तिला शिवणयंत्राचं तेल लावून पुसतात. बार मात्र कित्येक वर्षांत निघालेला नाही.

आता डिसेंबर 2020 आठवा. आपल्या तालुक्यात बिबट्यानं तीन माणसं मारली. अंजनडोह, चिखलठाणची नावं ऐकली तरी पोटात गोळा यायचा. रात्रीची लाईट असूनही उसाला, केळीला पाणी द्यायला कुणी जाईना. एका संध्याकाळी वस्तीवरची दहाबारा माणसं आमच्या दारात आली. "अण्णा, बंदूक काढा." मी घाबरलो. बिबट्या 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित, आपण हात लावला तर खडी फोडायची वेळ. पण अण्णांनीच सांगितलं, "परवाना पिकाचा हाय, वाघाचा न्हाई."

तरी रात्री ते बंदूक मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. शेजारच्या दोन घरांतली पोरं आमच्याकडं झोपायला आली. आठ दिवसांनी पहिल्यांदा बाया निवांत झोपल्या. घरात होती ती दोन काडतुसं जुनी, दमट हवेनं फुगलेली. नळीत जातच नव्हती. बंदूक रिकामी आहे हे अण्णांना आणि मला, दोघांनाच ठाऊक. 18 डिसेंबरला वांगीत वनविभागाच्या परवानगीनं अकलूजच्या धवलसिंह मोहिते-पाटलांनी तो बिबट्या मारला, तोवर अण्णा रोज रात्री असेच बसले.

यातून माझं मत दोन बाजूंनी पक्कं झालं. एक, अशी बंदूक भंगार नाही. तिच्या जिवावर नाही, तर तिला धरून बसलेल्या माणसाच्या जिवावर घर झोपतं. तिची किंमत दुकानदार सांगंल ती नव्हे. दोन, तिच्यानं राखण होते हा समज मात्र सोडा. त्या रात्री बिबट्या खरंच ओट्यावर आला असता तर रिकाम्या नळीनं काय केलं असतं? राखण केली ती एकोप्यानं राहण्यानं, पोरं घरात ठेवण्यानं, गोठा बंद करण्यानं आणि शेवटी वनविभागाच्या माणसांनी.

तरण्या पोरांनाही सांगतो. लग्नाच्या वरातीत बार काढायला, फोटो काढायला बंदूक मागू नका. 2019 च्या दुरुस्तीनं आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय. आणि ज्या हत्याराला आपण कुंकू लावतो त्याचा तमाशा करायचा नसतो.

आता माझी चूक. 2024 च्या निवडणुकीत बंदूक जमा केली. ठाण्यातून मिळालेली पावती अण्णांनी उशाखाली ठेवली. एका रात्री म्हणाले, "ह्यावर नाव माझं हाय. मी गेलो की ती कुणाची?" मला उत्तर देता आलं नाही. अण्णा 78 वर्षांचे आणि मी आजउद्या करत बसलो होतो. शेतीचा सातबारा वेळेवर बघतो, हा कागद बघितलाच नाही.

तर नियम समजून घ्या. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा हत्यार त्याच्याकडं 25 वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच आपल्या वारसाच्या नावानं परवाना मागू शकतो. आमच्या घरात दोन्ही अटी केव्हाच पुऱ्या झाल्यात. परवानाधारक वारला तर हत्यार घरात ठेवून बसायचं नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं, पावती घ्यायची आणि वारसानं जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करायचा. वारसानं आलं तरी एका माणसाकडं दोनपेक्षा जास्त हत्यारं चालत नाहीत. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे, ती तारीख चुकवू नका. "वडिलांची आठवण हाय" म्हणून बिनपरवान्याची बंदूक माळ्यावर ठेवली तर कायद्याच्या लेखी ती आठवण नव्हे, गुन्हा आहे.

घरात कुणालाच नको असंल तर तेही मोकळेपणानं बोला. आमचा पोरगा पुण्यात कंपनीत आहे, त्यानं सरळ सांगितलं, "मला नको." मला राग आला, पण तो खरं बोलला. मी माझ्या नावावर घेतोय. माझ्यामागं कुणी पुढं आलं नाही तर विक्रेत्याकडं रीतसर जाऊ दे. विहिरीत टाकायची नाही की पुरायची नाही.

सोमवारी अण्णांना गाडीवर बसवून अर्ज द्यायला जातोय. तुमच्या घरात असं हत्यार असंल तर आज रात्री जेवण झाल्यावर परवाना काढा, मुदतीची तारीख बघा आणि म्हाताऱ्या माणसाला त्याच्या तोंडानं विचारा, पुढं कुणाच्या नावावर करायची. ते विचारायला उशीर करू नका.